रक्तांतील लेखनदोष

कल्याण सोडून आगगाडी कर्जतच्या वाटेला लागली कीं विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर अशीं स्टेशनें एकामागून एक येतात. उल्हास नदीच्या खोऱ्यांतील हीं गांवें आज एकमेकांस इतकीं भिडलीं आहेत कीं एक कोठें संपलें आणि दुसरें कोठें सुरू झालें हें परक्या माणसास ओळखतां येऊं नये. परंतु त्यांचीं वयें फार भिन्न आहेत. अंबरनाथचें शिवालय शिलाहार राजा मम्वाणि याच्या कारकीर्दींतील. तेथील शिलालेखांत शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा काल दिलेला आहे. बदलापूरचें नांव, प्रवासी येथें घोडे बदलीत असत यावरून पडलें, अशी लोकश्रुति आहे. या दोहोंच्या शेजारचें उल्हासनगर मात्र अगदीं अलीकडचें. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्करानें उभारलेल्या छावणीच्या बराकींत फाळणीनंतर, १९४७ पासून, सिंधमधून आलेलीं कुटुंबें उतरलीं. त्यांतील माणसांची संख्या लाखाच्या घरांत गेली. आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें या वसाहतीची नगर म्हणून कोनशिला बसली. छावणीचे पांच विभाग आजहि ‘कँप नंबर एक’ ते ‘कँप नंबर पांच’ या नांवांनींच लोकांच्या तोंडीं आहेत.

निर्वासितांनीं बरोबर काय आणलें याची यादी करणें कठीण नाहीं, कारण आणण्याजोगें फारसें कांहीं त्यांच्या हातीं उरलेंच नव्हतें. भाषा आली, सण आले, पापड-लोणच्यांच्या कृति आल्या, आणि रिकाम्या बराकींतून दुकान व कारखाना उभा करणारें व्यापारी कौशल्य आलें. याशिवाय आणखी एक गोष्ट आली. ती कोणाच्या गांठोड्यांत नव्हती, सरहद्दीवरील झडतींत सांपडण्याजोगी नव्हती, आणि ज्यांच्याजवळ ती होती त्यांनाहि तिची वार्ता नव्हती. ती त्यांच्या रक्तांत होती. या वसाहतींतील कांहीं घरांत जन्मलेलीं मुलें सहा महिन्यांचीं, वर्षाचीं होतांच पांढरीफटक पडूं लागलीं, त्यांचीं पोटें वाढूं लागलीं. आणि कालांतरानें त्या अदृश्य सामानाचें नांव घरोघर माहीत झालें: थॅलसेमिया.

या रोगाचें पहिलें स्पष्ट वर्णन अमेरिकेंतील डिट्रॉइट येथील बालरोगतज्ज्ञ टॉमस कूली यांनीं १९२५ मध्यें केलें. तेथें तो प्रामुख्यानें इटली व ग्रीस या देशांतून आलेल्या कुटुंबांत दिसला. म्हणून पुढें ग्रीक भाषेंतील ‘समुद्र’ या अर्थाच्या शब्दावरून त्याचें नामकरण झालें. परंतु तो भूमध्य समुद्राच्या कांठापुरता नव्हता. १९३८ मध्यें कलकत्त्याहूनहि अशा रुग्णाचें वर्णन प्रसिद्ध झालें. रक्ताला तांबडा रंग देणारें आणि प्राणवायु वाहून नेणारें जें हीमोग्लोबिन, त्याचा एक घटक, बीटा ग्लोबिन, ज्या जनुकाच्या आज्ञेनें बनतो तें जनुक या रोगांत बिघडलेलें असतें. प्रत्येक माणसाजवळ या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व एक बापाकडून. एकच प्रत बिघडलेली असली तर माणूस धडधाकट असतो. रक्त थोडें फिकें, इतकेंच. त्यास वाहक म्हणतात. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गर्भारपणीं चारांत एक अशी शक्यता असते कीं मुलाच्या वांट्यास दोन्ही बिघडलेल्या प्रती येतील. रोग पूर्णपणें प्रकट झालेल्या अशा मुलास बहुधा दर दोन ते चार आठवड्यांनीं दुसऱ्याचें रक्त द्यावें लागतें, आणि त्या रक्ताबरोबर शरीरांत सांचणारें लोह बाहेर काढण्यासाठीं औषधें आयुष्यभर घ्यावीं लागतात.

हिंदुस्थानांत सर्वसाधारणपणें शंभर माणसांत तीन ते चार या रोगाचे वाहक आढळतात. सिंधी समाजांत तें प्रमाण याच्या दुपटीच्या आसपास, कांहीं पाहण्यांत त्याहूनहि अधिक, दिसून आलें आहे. असें कां असावें? याचीं उत्तरें दोन संभवतात. एक असें कीं या जनुकांत बिघाड पुनःपुन्हा, नव्यानें आणि फार वेगानें घडत असला पाहिजे. दुसरें असें कीं बिघाड क्वचितच घडतो, परंतु एकदां घडलेला बिघाड कांहीं कारणानें पिढ्यान् पिढ्या जतन झाला असला पाहिजे. वरवर पाहतां हा भेद केवळ पंडितांच्या कामाचा वाटेल. तथापि एका समाजाच्या रक्ताकडे जगानें कोणत्या दृष्टीनें पाहावें, आणि त्या समाजांतील मुलें कशीं वांचवावीं, हे दोन्ही प्रश्न याच भेदावर अवलंबून आहेत.

जुन्या पोथ्यांचा अभ्यास करणाऱ्यांस हा भेद परिचयाचा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं महाभारताच्या संशोधित आवृत्तीचें काम हातीं घेतलें तेव्हां देशांतील नाना लिप्यांतील हस्तलिखितें ताडून पाहावीं लागलीं. अशा कामांत लेखनदोषांचे दोन प्रकार भेटतात. ‘घ’ चा ‘ध’ होणें किंवा ‘प’ चा ‘ष’ होणें ही चूक कोणत्याहि नकलनविसाच्या हातून, कोणत्याहि गांवीं, स्वतंत्रपणें घडूं शकते. तीवरून लिपीचा स्वभाव कळतो. परंतु दहा पोथ्यांतून नेमक्या त्याच बारा ओळी, त्याच शब्दापासून त्याच शब्दापर्यंत, गळालेल्या आढळल्या तर दहा नकलनविसांनीं ती चूक वेगवेगळी केली असें कोणी म्हणत नाहीं. त्या दहाहि पोथ्या एकाच मातृकेच्या वंशांतील आहेत, असें ठरतें. पहिल्या प्रकारांत चूक किती वेळां घडते तें पाहावयाचें. दुसऱ्या प्रकारांत एकदां घडलेल्या चुकीच्या नकला किती झाल्या तें पाहावयाचें. हे दोन हिशेब एकाच वहींत मिसळले कीं घोटाळा झालाच. मानवी आनुवंशिकतेच्या शास्त्रांतहि असा घोटाळा एकदां झाला होता, आणि तो नेमका थॅलसेमियाच्याच बाबतींत झाला होता.

जनुकांतील नव्या चुकीस शास्त्रांत उत्परिवर्तन म्हणतात. माणसांतील उत्परिवर्तनाचा वेग मोजण्याचा मार्ग इंग्रज शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनीं दाखविला. १९३५ मध्यें त्यांनीं हीमोफिलिया, म्हणजे रक्त न गोठण्याचा रोग, विचारांत घेतला. या रोगाचे पुरुष त्या काळीं बहुधा संतति मागें न ठेवतां मरत. अर्थात् दर पिढीस कांहीं बिघडलेलीं जनुकें नाहींशीं होत. तरीहि रोग कमी होत नव्हता. जितकी वजाबाकी तितकीच बेरीज कोठून तरी होत असली पाहिजे, आणि ती नव्या उत्परिवर्तनांनींच होत असली पाहिजे, असा त्यांनीं जमाखर्च मांडला. उत्तर आलें, दर पिढीस सुमारें पन्नास हजारांत एक.

हीच रीत अमेरिकेंतील जेम्स नील व विल्यम व्हॅलंटाइन यांनीं १९४७ मध्यें थॅलसेमियाला लावली. उत्तर आलें, अडीच हजारांत एक; हीमोफिलियाच्या वीसपट. जुलै १९४८ मध्यें स्टॉकहोम येथें आनुवंशशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तींत हाल्डेन यांनीं या निष्कर्षावर शंका घेतली. त्यांचें व्याख्यान १९४९ मध्यें छापून निघालें. उल्हासनगरास नांव मिळालें तेंच हें वर्ष. त्यांचें म्हणणें असें होतें कीं उत्परिवर्तनाचा इतका भयंकर वेग मानण्यापूर्वीं दुसरी एक शक्यता तपासली पाहिजे: वाहक माणसें इतरांपेक्षां अधिक टिकाव धरणारीं तर नसतील ना? वाहकांच्या रक्तांतील तांबड्या पेशी लहान असतात. अशा पेशींत हिवतापाच्या जंतूंचें नीट फावत नसेल, आणि म्हणून हिवतापाच्या प्रदेशांत वाहकांचीं मुलें अधिक वांचत असतील.

या तर्काचें बळ किती आहे हें एका साध्या हिशेबावरून ध्यानीं येईल. एखाद्या समाजांत शंभरी आठ वाहक आहेत व विवाह समाजांतल्या समाजांतच होतात, असें धरावें. दहा हजार दांपत्यांपैकीं चौसष्टांत नवरा-बायको दोघेहि वाहक निघतील. दांपत्यामागें एक मूल धरल्यास चौसष्टांच्या चतुर्थांश, म्हणजे सोळा मुलें आजारी जन्मतील. रक्त देण्याची सोय नव्हती त्या काळीं अशीं मुलें बाळपणींच दगावत. प्रत्येकाबरोबर दोन, याप्रमाणें बत्तीस बिघडलेल्या प्रती समाजाच्या खात्यांतून वजा होत. दहा हजार मुलांजवळ या जनुकाच्या वीस हजार प्रती असतात. तेव्हां ही तूट निव्वळ नव्या चुकांनीं भरून काढावयाची तर दर पिढीस सव्वासहाशें प्रतींत एक नवी चूक घडली पाहिजे. हा वेग हीमोफिलियाच्या ऐंशीपट झाला. उलट, वाहकांची जगून-वाढून संतति मागें ठेवण्याची शक्यता इतरांपेक्षां शंभरी केवळ चारांनीं अधिक असली तरी तीच तूट आपोआप भरून निघते. जेथें दर पावसाळ्यानंतर हिवतापानें घरेंच्या घरें अंथरुणास खिळत, तेथें शंभरांत चारांचा लाभ कांहीं मोठा नव्हे.

सिंध हा असाच प्रदेश होता. सिंधु नदीचे पूर, तिचे कालवे व पाणथळ जमीन यांमुळें तेथें हिवताप कायमचा वस्तीस असे. १९२९ मध्यें उत्तर सिंधमध्यें त्याची मोठी साथ आली, आणि सक्करचें धरण १९३२ मध्यें पुरें झालें त्या सुमारास सरकारी डॉक्टर तेथील हिवतापाचा कसून अभ्यास करीत होते. हाल्डेन यांच्या तर्कास पहिला भक्कम आधार १९५४ मध्यें मिळाला. अँथनी ॲलिसन यांनीं पूर्व आफ्रिकेंत दाखवून दिलें कीं रक्ताचाच दुसरा एक आनुवंशिक दोष, सिकलसेल, ज्यांच्याजवळ एकेरी असतो त्यांना घातक हिवतापापासून संरक्षण मिळतें. थॅलसेमियाच्या बाबतींतहि सार्डिनियापासून न्यू गिनीपर्यंत, जेथें पूर्वीं हिवताप फार तेथें वाहक फार, असा मेळ पुढें दिसून आला. सिंधी रक्तांत वाहक अधिक आहेत याचा अर्थ इतकाच कीं त्यांच्या पूर्वजांनीं हिवतापाचा कर पुष्कळ शतकें भरला, आणि त्याची पावती नातवंडांच्या हातीं राहिली.

पावती राहिली, पण ती एकाच घराण्यांत फिरत कां राहिली, या प्रश्नाचें उत्तर मुंबईंत मिळतें. टाटा स्मारक रुग्णालयांतील डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि संघवी यांनीं मुंबईंतील सहा ज्ञातिसमूहांत सात आनुवंशिक गुण तपासून त्यांचा तपशील प्रसिद्ध केला; तोहि १९४९ मध्येंच. एकाच शहरांत राहणाऱ्या, शेजारीं-शेजारीं वावरणाऱ्या या समूहांत रक्तगटांसारख्या गुणांचें प्रमाण वेगवेगळें होतें. रोटीव्यवहार झाला तरी बेटीव्यवहार ज्ञातीबाहेर होत नव्हता, त्याची ही नोंद रक्तानें स्वतःच ठेवलेली होती. ज्या समाजांत विवाह आंतल्या आंत होतात तेथें जुनी चूक बाहेर जात नाहीं, आणि तिच्या दोन नकला एका मुलाच्या वांट्यास येण्याचा संभव वाढतो.

तरीहि हा सर्व तर्कच होता. चूक जुनी आहे कीं नवी, हें पोथी उघडून वाचल्याखेरीज कळावयाचें नव्हतें. ती पोथी म्हणजे डीएनए, आणि ती वाचण्याची विद्या १९७० नंतरच्या दशकांत हातीं आली. १९७९ मध्यें हिंदी वंशाच्या कांहीं रुग्णांच्या बीटा ग्लोबिन जनुकाचा शेवटचा तुकडाच गळालेला आढळला. पुढें मोजतां ही गळती ६१९ अक्षरांची ठरली. सिंधी, गुजराथी व फाळणींत आलेल्या इतर कुटुंबांतील वाहकांत ही गळती वारंवार दिसते, आणि तिची सुरुवात व शेवट त्याच ठिकाणीं असतो. पोथीच्या भाषेंत बोलावयाचें तर बारा ओळी त्याच शब्दापासून त्याच शब्दापर्यंत गळाल्या आहेत. अशी चूक वेगवेगळ्या घरांत वेगवेगळी घडत नाहीं. कोणा एका दूरच्या पूर्वजाच्या ठायीं ती घडली, आणि पुढील सर्व प्रती त्या मातृकेवरून उतरल्या. उल्हासनगरच्या बराकींत जी चूक उतरली ती तेथें घडलेली नव्हती. फाळणीच्या दुःखाशीं किंवा बराकींतील हालअपेष्टांशींहि तिचा कांहीं संबंध नव्हता. ती शेंकडों वर्षांची प्रवासी होती.

मग उत्परिवर्तनाचा वेग सर्व ठिकाणीं सारखाच आहे काय? तसेंहि नाहीं, आणि या कथेचा हा उत्तरार्ध तितकाच महत्त्वाचा आहे. १९१२ मध्यें जर्मन डॉक्टर विल्हेल्म वाइनबर्ग यांच्या ध्यानांत आलें कीं खुजेपणाचा एक विशिष्ट प्रकार भावंडांपैकीं शेवटच्या मुलांत अधिक आढळतो. १९४७ मध्यें हाल्डेन यांनीं हीमोफिलियाच्या घराण्यांवरून असा निष्कर्ष काढला कीं नव्या चुका आईपेक्षां बापाच्या बाजूनें कितीतरी पटींनीं अधिक घडतात. पुरुषबीजें आयुष्यभर तयार होत राहतात, प्रत्येक वेळीं पोथीची नवी नक्कल होते, आणि नकला जितक्या अधिक तितके लेखनदोष अधिक. आइसलंडमध्यें अठ्ठ्याहत्तर कुटुंबांतील आई, बाप व मूल यांचे संपूर्ण डीएनए ताडून २०१२ मध्यें याची मोजदाद झाली. आई व बाप यांच्याकडून प्रत्येकीं सुमारें तीन अब्ज अक्षरें मुलास मिळतात. त्यांत सरासरीनें साठ-सत्तर अक्षरें अशीं असतात कीं जीं ना आईजवळ होतीं ना बापाजवळ. बापाचें वय एका वर्षानें वाढलें कीं या संख्येंत दीड-दोनांची भर पडते. हें राजघराण्याच्या मुलास लागू आहे, तसेंच बराकींत जन्मलेल्या मुलासहि. अगदीं निर्दोष नक्कल जगांत कोणाचीच झालेली नाहीं.

या साठ-सत्तर चुका पोथींत सारख्या विखुरलेल्या नसतात. ‘घ’ चा ‘ध’ जसा सहज होतो तशी डीएनएच्या चार अक्षरांतहि एक जोडी फसवी आहे. सायटोसिन या अक्षराच्या पाठोपाठ ग्वानिन हें अक्षर आलें म्हणजे त्या सायटोसिनवर पुष्कळदां एक लहानशी रासायनिक खूण असते. आणि खूण असलेलें सायटोसिन आपोआप झिजून थायमिन बनूं शकतें. थायमिन हेंहि पोथीचें नेहमींचेंच अक्षर असल्यामुळें दुरुस्ती करणाऱ्या यंत्रणेस चूक ओळखणें कठीण जातें. अशा ठिकाणीं हा बदल इतर ठिकाणांच्या दहापट किंवा त्याहून अधिक वेगानें घडतो. जेथें तोच मजकूर दोन ठिकाणीं आला आहे तेथें वेगळाच धोका असतो. १९९३ मध्यें दिसून आलें कीं तीव्र हीमोफिलियाच्या शंभर घराण्यांपैकीं चाळिसांहून अधिकांत मूळ जनुकाचा मोठा भाग उलटा बसलेला असतो. जनुकाच्या आंत व बाहेर एकसारखा मजकूर असल्यामुळें धागा स्वतःवरच दुमडतो आणि ही उलटापालट होते, व ती बहुतेक बापाच्या बीजांत होते. म्हणजे ज्या जनुकावर हाल्डेन यांनीं आपला पहिला हिशेब मांडला तें जनुक मुळांतच चुकीस सोपें होतें, आणि बापाच्या बाजूविषयींचें त्यांचें अनुमानहि रसायनशाळेंत खरें ठरलें.

आतां संशोधक संपूर्ण मानवी जनुकसंचाचा असा नकाशा तयार करतात. प्रत्येक अक्षराच्या डाव्या-उजव्या बाजूंस कोणतीं अक्षरें आहेत, तो भाग पेशीविभाजनांत आधीं उतरविला जातो कीं शेवटीं, तें जनुक वापरांत आहे कीं निपचित आहे, या गोष्टींवरून तेथें चूक होण्याची शक्यता काढली जाते. एका अक्षराची एका पिढींत बदलण्याची सरासरी शक्यता दहा कोटींत एकाहून किंचित् अधिक भरते; परंतु ही केवळ सरासरी होय. २०१६ मध्यें वरुण अगरवाला व बेंजामिन व्हॉइट यांनीं मधलें अक्षर व दोन्ही बाजूंचीं तीन-तीन अक्षरें, असा सात अक्षरांचा संदर्भ घेतला. सात जागीं चार अक्षरें मांडण्याचे १६,३८४ प्रकार होतात. एवढ्या संदर्भावरून अक्षराअक्षरांच्या बदलण्यांतील फरकाचा शंभरी ऐंशीहून अधिक भाग उलगडतो, असें त्यांस आढळलें. अशा गणितांत एक पथ्य कटाक्षानें पाळावें लागतें. जे बदल समाजांत पसरलेले आहेत ते मोजावयाचे नाहींत; कारण त्यांत जगण्या-मरण्याची चाळणी लागून गेलेली असते. जे नुकतेच जन्मास आले, किंवा जेथें बदल झाला तरी शरीराचें कांहीं बिघडत नाहीं, तेच मोजावयाचे. जन्म निराळा मोजावा व प्रसार निराळा मोजावा, हाच तो १९४९ चा धडा होय.

हा धडा थॅलसेमियाला पुन्हा लावून पाहतां काय दिसतें? हिंदुस्थानांत या रोगाचे जे अनेक बिघाड सांपडले आहेत त्यांत सर्वांत अधिक आढळणारा बिघाड एकाच अक्षराचा आहे: जनुकाच्या पहिल्या मध्यखंडांतील पांचव्या जागीं ग्वानिनऐवजीं सायटोसिन. महाराष्ट्रांतील अनेक ज्ञातींतहि तोच प्रामुख्यानें दिसतो. आतां ही जागा त्या फसव्या जोडीची नाहीं, आणि ग्वानिनचें सायटोसिन होणें हा बदल एरव्हींहि सहज घडणाऱ्यांपैकीं नाहीं. जो बदल क्वचित् जन्मतो तोच सर्वांत अधिक पसरला आहे. यावरून वेगाचा तर्क मागें पडतो व जतन झाल्याचा तर्क पुढें येतो. अंबरनाथ किंवा बदलापूर येथील मराठी कुटुंबानें ‘हा शेजारच्या वसाहतीचा रोग’ असें समजून निश्चिंत राहण्यास जागा नाहीं, हेंहि यांतूनच निष्पन्न होतें. प्रमाण कमी-जास्त असेल. जुन्या प्रती सर्वांच्याच घरीं आहेत.

हाल्डेन स्वतः १९५७ मध्यें हिंदुस्थानांत राहावयास आले, येथील नागरिक झाले, आणि १९६४ मध्यें भुवनेश्वर येथें निवर्तले. ते आले त्याच वर्षीं मुंबईंत रक्तगटांच्या अभ्यासाचें राष्ट्रीय केंद्र सुरू झालें, त्याचीच परळची संस्था पुढें थॅलसेमियाच्या निदानाचें मोठें ठाणें बनली. वाहक ओळखण्याची रीतहि त्याच सुमारास निघाली. हेन्री कुंकेल यांनीं १९५५ ते १९५७ च्या दरम्यान दाखविलें कीं हीमोग्लोबिनचा ‘ए-२’ नांवाचा जो अल्पसा प्रकार प्रत्येकाच्या रक्तांत असतो, तो थॅलसेमियाच्या वाहकांत वाढलेला असतो. निरोगी माणसांत तो शंभरी अडीच-तीन. वाहकांत बहुधा चार किंवा त्याहून अधिक. हातांतील शिरेंतून काढलेलें थोडेंसें रक्त या तपासणीस पुरतें.

जुन्या व नव्या चुकीच्या भेदाचें खरें महत्त्व येथें दिसतें. नवी चूक आई-बापांच्या रक्तांत नसतेच; म्हणून तिची पूर्वसूचना कोणतीहि तपासणी देऊं शकत नाहीं. थॅलसेमिया वेगवान उत्परिवर्तनानें होत असता तर वधूवरांचें रक्त तपासण्यांत कांहींच अर्थ उरला नसता, आणि प्रत्येक आजारी मूल हा केवळ दैवाचा घाला ठरला असता. परंतु ही चूक जुनी आहे; ती आई-बापांच्या रक्तांत आधींपासून लिहिलेली आहे, आणि लिहिलेलें वाचतां येतें. दोघांपैकीं एकच वाहक असला तर मुलास हा गंभीर रोग होण्याची भीति जवळजवळ उरत नाहीं. दोघेहि वाहक असले तर गर्भ दहा-बारा आठवड्यांचा असतां त्याची तपासणी करवून घेतां येते. सायप्रस बेटावर १९७० नंतर घरोघर ही तपासणी रुजली, आणि कांहीं वर्षांत या रोगाचीं नवीं मुलें तेथें जवळजवळ जन्मेनाशीं झालीं. आपल्याकडे २०१६ च्या कायद्यानें थॅलसेमियाच्या रुग्णांस अपंगांचे हक्क मिळाले. ती जन्मलेल्यांची सोय झाली. पुढच्यांची सोय त्या एका तपासणींत आहे.

असें असतां तपासणी टाळली जाते याचें कारण बहुतेक ठिकाणीं खर्च किंवा अज्ञान एवढेंच नसतें. त्याच्या मागें लाज असते. वाहक ठरलों तर सोयरीक मोडेल, घराण्याचें रक्त वाईट ठरेल, ही भीति असते. आणि मुलगी वाहक निघाली तर बोल तिच्याच माथीं येतो. ज्या समाजानें घरदार गमावून पुन्हा उभारणी केली त्यास आणखी एक डाग नको असतो, हें समजण्याजोगें आहे. परंतु डाग म्हणण्याजोगें येथें कांहीं नाहीं. वाहक होणें हा कोणाच्या आचरणाचा दोष नव्हे. ज्या पूर्वजाजवळ ही बिघडलेली प्रत होती तो हिवतापांतून वांचला म्हणून त्याचा वंश वाढला, आणि म्हणूनच आज विवाहास उभी असलेली मुलगी व मुलगा जगांत आहेत. पत्रिका पाहण्यापूर्वीं दोघांच्या रक्ताचे कागद शेजारीं-शेजारीं ठेवले, तर त्या प्रतीनें पूर्वीं जितके जीव राखले असतील त्यांत आणखी कांहींची भर पडेल.